बारा रबीउल अव्वलला ईद म्हणायची का?

रावेर तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा. गावात मशीद एकच. पैगंबर साहेबांच्या (सल्ल.) जन्मदिनाला, म्हणजे रबीउल अव्वल महिन्याच्या बारा तारखेला, दरवर्षी जुलूस निघतो, कमानी लागतात, नियाज (अल्लाहच्या नावाने जेवण) होते. यंदा पुण्याला नोकरी करणारी काही मुलं सुटीत आली आणि म्हणू लागली की हे सगळं बिदअत (दीनमध्ये घुसवलेली नवी गोष्ट) आहे, वर्गणी देणंही गुनाह आहे. जुनी मंडळी म्हणतात, या दिवशी जो खूश होत नाही त्याचं ईमानच तपासायला हवं. घरातही तेच: वडील एका बाजूला, धाकटा भाऊ दुसऱ्या. "मी काय करू? हा दिवस सणासारखा पाळायचा की नाही?"

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. शरीयतच्या हिशोबाने ही ईद नाही. आनंदाचा दिवस मानायला हरकत नाही असं सांगणारे मोठे आलिम (धर्मपंडित) होऊन गेले, आणि मानू नये म्हणणारेही तेवढेच मोठे. म्हणून पाळणाऱ्याला बिदअती ठरवून हिणवायचं नाही आणि न पाळणाऱ्याला गुस्ताख (बेअदब) म्हणायचं नाही. राहिला प्रश्न तो दिवस कसा घालवायचा. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे, आणि आपल्या गावांत मोडल्या जातात त्या नेमक्या याच एकमताच्या गोष्टी. भांडण मात्र उरलेल्यावर चालतं.

माझ्याबद्दल एवढं सांगतो की शिक्षण देवबंदी, म्हणजे अशा प्रथांना बिदअत म्हणणाऱ्या पद्धतीच्या मदरशात झालं आणि वाढलो मौलूद (साहेबांच्या जन्माचं सामूहिक वाचन) होणाऱ्या घरात. भुसावळकडच्या मशिदींत जुम्याचा खुतबा (शुक्रवारचं प्रवचन) आणि संध्याकाळी मुलांना सीरत (साहेबांचं चरित्र) शिकवणं, यात बरीच वर्षं गेली. तुमच्या घरात आज चाललंय ते आमच्या घरात केव्हाच होऊन गेलंय.

आता ईदचं बघू. हजरत अनस (रजि.) सांगतात की पैगंबर साहेब मदिनेत आले तेव्हा तिथल्या लोकांचे खेळण्या-बागडण्याचे दोन दिवस ठरलेले होते. साहेबांनी सांगितलं, अल्लाहने तुम्हाला त्यांच्या बदल्यात त्याहून चांगले दोन दिवस दिलेत, अज़्हाचा (बकरी ईद) आणि फित्रचा (रमजान ईद). अबू दाऊद आणि नसाई या संग्रहांत ही हदीस (साहेबांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. या दोन दिवसांना स्वतःचे हुकूम आहेत. जादा तकबिरींची ('अल्लाहु अकबर'ची) नमाज आहे, एकीला फित्रा (गरिबांसाठीचं दान) आणि दुसरीला कुर्बानी आहे, रोजा ठेवायला साफ मनाई आहे. दोन्ही ईद एकेका मोठ्या इबादतीला जोडून येतात, एक रमजानच्या रोजांना आणि एक हजला. बारा रबीउल अव्वलला यातलं काहीच नाही. वेगळी नमाज नाही, तकबीर नाही, फित्रा नाही. जुलूसच्या बाजूचा कुठलाही जाणता आलिम विचारून बघा, तोही हेच सांगेल. या दिवसाची नमाज आहे असा दावा कुणी करत नाही. म्हणजे 'तिसरी ईद' म्हणून जे भांडण आहे ते अर्ध्याहून जास्त फलकावरच्या मजकुराचं आहे.

यावर मिलाद, म्हणजे हा जन्मदिन, पाळणारे म्हणतात, जुम्यालाही हदीसमध्ये ईद म्हटलंय, मग आम्ही या दिवसाला म्हटलं तर काय बिघडलं? जुम्याची ती रिवायत (सांगून आलेली हदीस) आहे खरी, इब्ने माजाच्या संग्रहामध्ये. पण ते साहेबांनी स्वतः म्हटलंय. आपण आपल्या मनाने म्हणणं आणि त्यांनी म्हणणं यात फरक राहणारच.

खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती जुलूसच्या गडबडीत कुणाच्या तोंडी येत नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू कतादा (रजि.) यांची रिवायत आहे. पैगंबर साहेबांना सोमवारच्या रोजाबद्दल विचारलं, तेव्हा ते म्हणाले, त्या दिवशी माझा जन्म झाला आणि त्याच दिवशी माझ्यावर वह्य (अल्लाहचा संदेश) उतरली. स्वतःच्या जन्माची आठवण त्यांनी कशी ठेवली, याची ही पक्की सनद. ती त्यांनी तारखेला बांधली नाही, वाराला बांधली. वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला. आणि पंगत घालून नाही, रोजा ठेवून. तिरमिजीत आणखी आलंय की सोमवारी आणि गुरुवारी अमल (माणसाची कर्मं) अल्लाहसमोर पेश होतात, म्हणून ते या दोन दिवशी रोजा पसंत करत.

आता या एका हदीसवर दोन्ही बाजू कशा उभ्या राहतात ते बघा. मिलादवाले म्हणतात, बघा, जन्माचा दिवस खास मानणं खुद्द साहेबांकडूनच साबित झालं. बिदअत म्हणणारे म्हणतात, बघा, ईदच्या दिवशी रोजा हराम असतो आणि साहेबांनी या दिवशी रोजा ठेवला, म्हणजे हा दिवस ईद नव्हे. मला विचाराल तर दोघंही बरोबर आहेत. दिवस खास आहे, ईद नाही. वाईट एवढंच वाटतं की या हदीसवर तासभर वाद घालणाऱ्यांत सोमवारचा रोजा ठेवणारा शोधावा लागतो.

तारखेचं थोडं सांगतो, कारण पुण्याच्या मुलांनी तो मुद्दा काढलाच असेल. जन्म सोमवारचा आणि हत्तीच्या सालातला (हत्ती घेऊन मक्केवर चाल झाली ते साल), यावर फारसं दुमत नाही. तारखेवर आहे. इब्ने इसहाकने १२ दिलीय आणि जगात तीच चालते. इतरांनी २, ८, ९, १० अशा दिल्यात, शिया मंडळी १७ धरतात. इजिप्तचे खगोलतज्ज्ञ महमूद पाशा फलकी यांनी गणित मांडून ९ रबीउल अव्वल, म्हणजे २० एप्रिल ५७१ काढली, आणि शिबली नोमानींसारख्या उर्दू सीरतकारांनी तीच घेतली. दुसरीकडे वफात (मृत्यू) हिजरी ११ मध्ये, याच महिन्यात, सोमवारीच झाली आणि तिची मशहूर तारीख १२ आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'बारावफात' म्हणतात ते त्यामुळे. मग हा दुःखाचा दिवस का नाही, असं काही जण विचारतात. त्याचं उत्तर इमाम सुयूतींनी पाचशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय: शरीयत जन्मावर अकीका (बाळासाठीची कुर्बानी) करायला सांगते, वफातीवर दरसालचा शोक करायला सांगत नाही. शोक तीन दिवस, फक्त विधवेला चार महिने दहा दिवस. तारखेचा वाद म्हणून माझ्या मते पाळण्याच्या विरोधात फार वजनाचा नाही, बाजूनेही नाही.

वजनाचा मुद्दा आहे तो सहाबांचा, म्हणजे साहेबांच्या सोबत्यांचा. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात, हिजरी १६-१७ च्या सुमारास, कालगणना कुठून मोजायची हे ठरवायला बैठक बसली. जन्मापासून, पैगंबरीपासून, हिजरतीपासून (मक्का सोडून मदिनेला जाणं) की वफातीपासून, असे पर्याय समोर होते. ठरली हिजरत. ज्यांनी साहेबांसाठी घरदार सोडलं, त्यांनी जन्माला ना सालाची सुरुवात मानलं ना वार्षिक दिवस. ताबईनांनी (सहाबांनंतरच्या पिढीने) नाही, फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) चारही इमामांनी नाही. "आमच्या या दीनमध्ये जो नवं काही घुसवेल ते रद्द," ही हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत बुखारी-मुस्लिम दोन्हींत आहे. बिदअत म्हणणाऱ्यांचं बोलणं या पायावर उभं आहे आणि हा पाया कच्चा नाही. तुमच्या वडिलांना सांगा, धाकट्याला पुण्यात कुणी भडकवलंय असं समजू नका. मालिकी आलिम ताजुद्दीन फाकिहानी यांनी हेच सातशे वर्षांपूर्वी लिहिलंय.

मग हा दिवस आला कुठून? आधी कैरोत फातिमी खलिफांच्या दरबारात. तिथे मिठाई वाटली जायची, पण तो सरकारी थाट होता. आज ओळखतो तसा लोकांचा मेळा उभा केला तो इराकमधल्या इरबिलच्या मुजफ्फरुद्दीन कोकबुरीने. हा सुलतान सलाहुद्दीनचा मेहुणा, हिजरी ६३० मध्ये, म्हणजे १२३३ साली वारला. इब्ने खल्लिकान हा इतिहासकार मूळचा त्याच गावचा. त्याने लिहून ठेवलंय की बगदाद, मोसुलपासून आलिम, सूफी, कवी, वाचक येत, लाकडी मांडव सजत, जेवणं होत. आणि एक गोष्ट मला फार आवडते: तारखेवर मतभेद आहे म्हणून हा राजा एका वर्षी मेळा ८ ला भरवायचा आणि दुसऱ्या वर्षी १२ ला. दोन्ही मतांना मान देणारा माणूस. आपल्या कमिटीत असा एक जण असता तर कितीतरी भांडणं मिटली असती.

आता दुसऱ्या बाजूची दलील (युक्तिवाद) ऐका, कारण धाकट्या भावाला ती कुणी नीट सांगितली नसेल. शारिह-ए-बुखारी (बुखारीच्या हदीससंग्रहाचे भाष्यकार) हाफिज इब्ने हजर अस्कलानी, वारले १४४९ मध्ये. हदीसच्या इल्ममध्ये त्यांच्या तोडीचा माणूस देवबंदी, बरेलवी, अहले हदीस, या आजच्या गटांपैकी कुणीही सांगू शकणार नाही. ते आधी कबूल करतात की ही प्रथा पहिल्या तीन पिढ्यांत नव्हती. मग म्हणतात, तरी तिला आधार निघू शकतो आणि तो आशूराचा. साहेब मदिनेत आले तेव्हा यहुदी मोहरमच्या दहा तारखेला रोजा ठेवत होते, का तर अल्लाहने त्या दिवशी मूसा अलैहिस्सलामांना फिरऔनपासून सोडवलं. साहेब म्हणाले, मूसांवर आमचा हक्क तुमच्यापेक्षा जास्त, आणि स्वतः रोजा ठेवला, ठेवायला सांगितला. म्हणजे ज्या दिवशी अल्लाहची नेमत मिळाली तो दिवस पुन्हा आला की शुक्र करणं शरीयतला मान्य आहे, आणि पैगंबर साहेबांपेक्षा मोठी नेमत कुठली? पण पुढे तेच अट घालतात की शुक्र समजेल असंच काही करावं: तिलावत (कुरआन वाचणं), गरिबाला जेवण, सदका (दान), नात (साहेबांच्या स्तुतीचं काव्य). त्यापलीकडच्या मौजमजेतलं जे मुबाह (मोकळीक असलेलं) असेल ते चालेल, हराम आणि मकरूह (नापसंत) असेल ते रोखावं.

आता इब्ने तैमिया. बिदअतच्या बाबतीत सगळ्यात कडक समजला जाणारा माणूस. तेही ही प्रथा सहाबांनी केली नाही म्हणून नाकारतात, पण लिहितात की काही लोकांना साहेबांवरच्या मोहब्बतीचं सवाब मिळू शकतं, नव्या प्रथेचं नाही. पुण्याहून आलेल्या मुलांनी पहिलं वाक्य ऐकलंय, दुसरं बहुधा ऐकलेलं नाही.

बयानात एक गोष्ट मात्र फार रंगवतात, ती सांभाळून घ्या. साहेबांचा चुलता अबू लहब याने पुतण्याच्या जन्माच्या आनंदात सुवैबा दासीला आजाद केलं, म्हणून त्याला सोमवारी दोजखात (नरकात) पाणी मिळतं, असं सांगतात. बुखारीत हजरत उरवा यांचं जे कथन आहे त्यात घरच्या कुणाला पडलेलं स्वप्न आहे आणि सुवैबाला आजाद केल्याचा उल्लेख आहे. 'जन्माच्या आनंदात' हे शब्द तिथे नाहीत. स्वप्नावर मसला उभा करायचा नसतो. नेमत-शुक्राची दलील भक्कम असताना हिचा टेकू घ्यायची गरजही नाही.

आपल्या घरांतला जुना मौलूद तुम्ही पाहिला असेल, नसेल तर वडिलांना विचारा. सावद्याला माझ्या आजीकडे तो बायकांचा असायचा. मगरीबनंतर ओट्यावर सतरंजी, वर पांढरी चादर, मधे लोबानची धुनी. कोपरे दुमडून मऊ झालेलं उर्दू पुस्तक एकच आणि वाचता येणारी बाईही एकच, बाकीच्या मागून म्हणायच्या. शेवटी सगळ्या उभ्या राहून सलाम म्हणायच्या आणि मग बत्ताशे. शेजारच्या लेवा पाटलांच्या दोन-तीन बायका दाराशी बसलेल्या असत, त्यांच्या ओटीतही बत्ताशे पडत. कुणाचा रस्ता अडत नव्हता, कुणाची नमाज बुडत नव्हती, उधारी होत नव्हती. खानदेशावर चिश्ती बुजुर्गांची छाप जुनी आहे. बुऱ्हाणपूरला नावच मिळालं ते शेख बुरहानुद्दीन गरीब यांच्यावरून, फारुकी सुलतानांनी ठेवलेलं. इथला मौलूद त्या वळणाचा. तो मदरशात शिकताना मला बिदअत म्हणून शिकवला गेला आणि सुटीत घरी आल्यावर आजी विचारायची, "आता तू वाचणार ना?"

या ठिकाणी हाजी इमदादुल्लाह मुहाजिर मक्की यांचं उदाहरण मला कायम कामी आलं. १८९९ मध्ये मक्केत वारले. देवबंदच्या मोठमोठ्या उलेमांचे पीर, मौलाना रशीद अहमद गंगोही आणि मौलाना अशरफ अली थानवी दोघंही त्यांचे मुरीद (शिष्य). हाजीसाहेबांनी स्वतः लिहून दिलंय की मी मौलूदच्या महफिलीत बसतो, तिला बरकतीचं साधन समजतो, दरसाल करतो आणि कयाममध्ये (सलामसाठी उभं राहण्यात) मला लज्जत मिळते. गंगोहीसाहेब या महफिलीच्या ठाम विरोधात. तरी ना पीराने मुरीदला काढलं, ना मुरीदने पीर बदलला. तुमच्या गावातली जी मुलं देवबंदचं नाव घेऊन भांडतात आणि जी मंडळी देवबंदचं नाव ऐकून उसळतात, दोघांनाही हे सांगा. अक्कलकुव्याच्या जामियात शिकून आलेला एखादा मौलवी तालुक्यात सापडेल, त्याच्याकडून खात्री करून घ्या.

आता जुलूसकडे येतो. जास्त लिहावं लागणार आहे ते इथेच.

मिरवणूक काढणं हे मुळात इबादत नाही, रिवाज आहे. मुंबईत खिलाफत कमिटीचा जुलूस खिलाफत चळवळीच्या काळापासून निघतो आणि गावोगावचे जुलूस पुढे त्याच धर्तीवर वाढले. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग सरकारने या दिवसाची सार्वजनिक सुटी जाहीर केली आणि जुलूस आणखी मोठे झाले. रिवाजाचा हुकूम त्यात काय घडतं त्यावर ठरतो. दुरूद (साहेबांसाठीची दुआ) म्हणत, लहान मुलांना पुढे ठेवून, तासाभरात चौकातून मशिदीत परतणाऱ्या जुलूसला मी हराम म्हणणार नाही. माझ्या उस्तादांपैकी काहींनी म्हटलं असतं.

पण डीजे? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसाच्या उंचीचे बॉक्स, त्यावर नातचे शब्द आणि खाली फिल्मी ठेका, बाजूला शर्ट काढून नाचणारी पोरं आणि खिडकीची तावदानं थरथरतात त्या घरात एखादी बाळंतीण. यात मसलकचा (पंथाचा) प्रश्नच नाही. बरेलवी उलेमाही डीजे आणि नाच नाजायज म्हणतात, लेखी फतवे आहेत. कुरआनच्या सूरे लुकमानमध्ये बापाने मुलाला सांगितलंय, आवाज खाली ठेव, सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा. कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची हद्द घालतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मिलादच्या जुलूसमधल्या डीजे आणि लेझर लाइटविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका आली, तेव्हा खंडपीठाने म्हटलं की गणेशोत्सवात जे घातक आहे ते ईदच्या मिरवणुकीतही घातकच. यावर आपण नाराज व्हायचं काही कारण नाही. हे आपल्या मिंबरवरून (मशिदीच्या व्यासपीठावरून) आधी बोललं जायला हवं होतं.

रस्त्याचा हक्क नावाची एक हदीस आहे, बुखारी-मुस्लिम दोन्हींत. रस्त्यात बसायचंच असेल तर रस्त्याचा हक्क द्या. तो कोणता? नजर खाली ठेवणं, कुणाला त्रास न देणं, सलामला जवाब, चांगलं सांगणं आणि वाईटापासून रोखणं. जुलूसच्या नियोजनाला मी याच हदीसपासून सुरुवात करायला सांगतो. सावद्या-रावेरकडे केळीचे ट्रक दिवसभर चालू असतात. कापणी झालेली केळी उन्हात तासभर अडकली तर शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि त्या शेतकऱ्याचं आपल्याला काही देणं लागत नाही असं कुणी समजू नये. एक बाजू मोकळी, ॲम्ब्युलन्सला वाट, चौकात थांबून घोषणा नाहीत, दुसऱ्यांच्या देवळासमोर आवाज बंद. पोलीस ठाण्यात शांतता समितीच्या बैठकीत जे कबूल केलं ते रस्त्यावर पाळायचं. ती बोली आहे आणि बोली मोडणं मुनाफिकाची (ढोंगी माणसाची) खूण सांगितलीय.

नमाज. जुलूस साधारण सकाळी निघतो आणि रेंगाळत रेंगाळत जोहरची (दुपारच्या नमाजची) वेळ खातो. ज्यांच्या नावाने निघालो त्यांनी वफातीच्या आजारातही नमाजचीच ताकीद केली. फर्ज (बंधनकारक) बुडवून केलेल्या नफिलीचा (ऐच्छिक इबादतीचा) हिशोब कुठल्याच मसलकमध्ये जमेचा नाही, आणि हे तर नफिलही नाही. मार्ग असा आखा की जोहरच्या अजानला पुढचा माणूस मशिदीच्या पायऱ्यांवर असेल.

वीज. कमानींवर रोषणाईसाठी खांबावर आकडा टाकतात. स्पष्ट सांगतो, ही चोरी आहे, आणि चोरीच्या उजेडात नात वाचून सवाब मिळत नाही. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, पैसे भरा आणि घ्या, नाहीतर माळा लावू नका.

झेंडे. कलमा छापलेले कागदी आणि प्लॅस्टिकचे झेंडे दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे असतात ते एकदा बघून या. गटारीत, ट्रकच्या चाकाखाली, शेळीच्या तोंडात. साधा हिरवा कपडा लावा, त्यावर काही लिहू नका. गुंबद-ए-खजराच्या (मदिनेतल्या साहेबांच्या मजारवरच्या हिरव्या घुमटाच्या) आकाराचा केक कापायचा नवा प्रकार आलाय, त्याबद्दल मी काय लिहू? गुंबदावर सुरी फिरवताना हात तरी कसा उचलतो कळत नाही.

वर्गणी. तुमच्या मूळ प्रश्नात हीच खरी अडचण दिसते. ऐच्छिक असेल तर देणं जायज, न देणं जायज. यादीत नाव लिहून, दुकानापुढे दहा जण उभे राहून घेतलेली वर्गणी ऐच्छिक नसते. मनाच्या खुशीशिवाय घेतलेला मुसलमानाचा माल हलाल होत नाही, हे हदीसचं म्हणणं सगळ्यांना पाठ आहे. जकातचा एक रुपयाही जुलूस, रोषणाई किंवा बयानाच्या मंडपाला चालत नाही. जकातीचे हकदार सूरे तौबात ठरवून दिलेत. मशिदीच्या बिलासाठी आलेला पैसाही इकडे वळवायचा नाही. देणाऱ्याने ज्यासाठी दिला त्यालाच तो लागतो. तुम्हाला द्यायचं असेल आणि मन खात असेल तर नियाजच्या तांदळाला किंवा रक्तदान शिबिराच्या चहा-बिस्किटाला म्हणून द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. धाकटा भाऊही यात मोडता घालू शकणार नाही. भुकेल्याला जेवण कुठल्याही तारखेला सवाबच.

गेल्या काही वर्षांत गणपतीचा मामला जोडला गेला, त्याबद्दलही विचारणा होते. २०२३ मध्ये मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. मुंबईसह राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला आणि सरकारने सुटीही २९ ला सरकवली. २०२४ मध्ये एका दिवसाचं अंतर, २०२५ मध्येही तेच. तेव्हा काही जणांनी ओरड केली की तारीख कशी बदलता. जुलूस रिवाज आहे हे एकदा मान्य केलं की तारीख सरकवण्यात शरीयतची काही आडकाठी राहत नाही. उलट फसाद टळत असेल तर सरकवणंच योग्य. कोकबुरी आठवा. हा योग तसाही संपलाय: चांद्र साल साधारण ११ दिवस मागे सरकतं, हिंदू पंचांगात अधिक महिना येतो. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्याने गणपती सप्टेंबरात जातो आणि मिलाद ऑगस्टात, श्रावणात येतो. तेव्हा आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुका असतील, एवढं लक्षात असू द्या.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगतो. नवे कपडे घातले, गोड केलं, मुलांना फिरवून आणलं, हरकत नाही. फक्त न केल्याने गुनाह होतो असं मानू नका. दुकान उघडं ठेवणं जायज. कुणी 'ईद मुबारक' म्हटलं तर हसून खैर म्हणा, तिथे मसला सांगत बसू नका. ऑफिसातल्या हिंदू मित्राने शुभेच्छा दिल्या तर त्याला तर मुळीच नाही. बिदअत मानणाऱ्याने घरी आलेली नियाज परत पाठवू नये. अल्लाहच्या नावाने शिजवलेलं हलाल अन्न आहे. आणि कयामच्या वेळी कुणी बसून राहिला तर त्याच्याकडे वळून बघू नये.

आता गावापुरतं काय करता येईल ते. रबीउल अव्वलच्या पहिल्या तारखेपासून बारा रात्री इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) अर्धा तास सीरतचा दर्स (पाठ) ठेवा. यावर दोन्ही गट एकत्र बसतात, माझा पुन्हा पुन्हा आलेला अनुभव आहे, कारण सीरत ऐकण्याला बिदअत म्हणायची हिंमत कुणाची होत नाही आणि मिलादवाल्यांना तर तेच हवं असतं. पण दर्स मराठीत ठेवा. रावेर-यावलच्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या तडवी वस्त्यांवर, जड उर्दू बयान डोक्यावरून जातं. माणसं अदबीने मान डोलावतात आणि घरी जाऊन काही आठवत नाही. मुलं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकतात, त्यांना ताइफची हकीकत मराठीत सांगा. दगड मारणाऱ्या वस्तीवर डोंगर उलटवू का, असं फरिश्त्याने विचारलं तेव्हा साहेबांनी काय उत्तर दिलं, हे दहा वर्षांच्या पोराला त्याच्या भाषेत सांगून बघा. हुदैबियाचा तह सांगा, मक्का जिंकल्यावरची माफी सांगा, हलफुल फुजूल (दुबळ्याला न्याय मिळवून देण्याचा करार) सांगा. बाराव्या रात्री मुलांकडूनच सवाल-जवाब घ्या, बक्षीस म्हणून दप्तरं द्या. वर्गणीचा पैसा इथे लागला तर पुण्याची मुलंही देतील.

वडिलांशी बोलताना धाकट्याला मधे आणू नका. त्यांना एकटं बसवून सोमवारच्या रोजाची हदीस सांगा आणि विचारा, या महिन्यातल्या सोमवारी आपण दोघं रोजा ठेवू या का. ते नाही म्हणणार नाहीत. मग धाकट्याला सांगा, अब्बा रोजा ठेवतायत, तुझ्या बाजूच्या आलिमांनाही हा मान्य आहे, तू ठेवतोस का. इफ्तारला दस्तरखान एकच मांडा. जुलूसमध्ये कोण जातं आणि कोण घरी थांबतं, ते त्या दिवशी ठरवायची काही गरज नाही.

कमिटीची बैठक जुम्यानंतर असेल तर तिच्यात तीनच ठराव मांडा: डीजे नाही, जोहर जमातीने (सगळ्यांनी मिळून), वर्गणी ज्याच्या त्याच्या मर्जीची. 'ईद की बिदअत' हा विषय कुणी काढला तर सदरांना (अध्यक्षांना) सांगून तो बैठकीबाहेर ठेवा. त्यासाठी हवं तर मी एखाद्या इशाला येऊन बसतो, भुसावळहून गाडी आहे.